हाताचा अर्थ चालकाने लावू नये

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. आणि साधंसुधं नाही. चांगल्या निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत, वर सूर्य काढून, खाली लाटा काढून खोटं लिहिलंत. गावात शिरताना उजव्या हाताला तुमच्या पर्यटन मंडळाचा फलक आहे, 'कसे पोहोचाल? कसे फिराल?' त्याखाली सात चित्रं. बस, बोट, व्हॅन, सायकल, घोडागाडी, झुकझुकगाडी आणि शेवटी दोन पावलं. प्रत्येक चित्रापुढे एकच शब्द, 'सुलभ'. पावलांपुढे तर कहर आहे: 'दीपगृह ते धक्का, पायी पाच मिनिटे.' चार किलोमीटर आहे ते, साहेब! पाच मिनिटांत ते अंतर फक्त समुद्रपक्षी कापतो, तेही वारा पाठीमागून असला तर. ज्याने हे लिहिलं तो इथे एकदाही चाललेला नाही. चालला असता तर अजून चालतच असता.

तुमच्या त्या फलकावर विश्वास ठेवल्यामुळे एका बाईचा डोळा जायची वेळ आली होती. तेच सांगायचंय. ऐकून घ्या, आणि मध्ये फोन घेऊ नका.

तिच्या मुलीपासून सुरुवात करू. तिला गावात सगळे इंजिनबाई म्हणतात. वय त्रेचाळीस, आणि त्यातली अकरा वर्षं किनाऱ्यावरची झुकझुकगाडी चालवण्यात गेलेली. झुकझुकगाडी म्हणजे काय, तर आगगाडीचं सोंग घेतलेला ट्रॅक्टर. पुढे पत्र्याचं धुराडं, ज्यातून आजवर कधी धूर निघालेला नाही. खऱ्या धुराची नळी खाली आहे आणि ती बरोबर पहिल्या डब्याच्या तोंडावर सोडलेली आहे. मागे तीन उघडे डबे, रबरी चाकं, एक पितळी घंटा. वेग ताशी दहा, उतारावर बारा. दीपगृहापाशी निघायचं, समुद्राच्या कडेकडेने धक्क्यापर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं. एका बाजूला पंचवीस मिनिटं. डब्यात बसलेल्यांना वाटतं आपण उडतोय, शेजारून कुत्रं चालत पुढे जातं.

या गाडीला तुमच्या मंडळाचे बावीस नियम आहेत. बाकीचे एकवीस कुणाला पाठ नाहीत, चौदावा सगळ्यांना पाठ आहे. 'कोणीही हात दाखविल्यास गाडी थांबविणे बंधनकारक राहील. हाताचा अर्थ चालकाने लावू नये.' हा कसा आला तेही गावाला पाठ आहे. तुमच्या अध्यक्षांचे मेहुणे एकदा रस्त्याकडेला उभे राहून हात करत होते. त्या वेळच्या चालकाला वाटलं, साहेब टाटा करताहेत. त्यानेही हसून टाटा केलं आणि गाडी पुढे नेली. त्याची नोकरी गेली आणि नियम आला.

नियम नुसता लिहून ठेवला असता तर चाललं असतं. तुम्ही तो माणसांच्या पायात भरलात. तीन आठवड्यांचं प्रशिक्षण. तुमचा प्रशिक्षक झुडपाआडून हात दाखवायचा, हॉटेलाच्या गच्चीवरून दाखवायचा, एकदा तर समुद्रातून नुसता कोपरापर्यंतचा हात वर काढलान. तीन डब्यांच्या लांबीत गाडी उभी राहिली नाही की पुन्हा पहिल्यापासून. इंजिनबाईच्या तुकडीत पाचजण होते. तिघे पळाले. उरले दोघे: एक ती आणि दुसरा भोंगा. हा भोंगा सहा वर्षं झुकझुकगाडी हाकून मग बोटीवर गेला. आज तो पलीकडच्या शहराला जाणाऱ्या बोटीचा कप्तान आहे. नाव पडलं त्याच्या आवाजावरून. तो कानात कुजबुजला तरी शेजारच्या टेबलावरचा माणूस 'हो का?' म्हणतो.

असं शिकवल्यावर काय होतं, तर हात दिसला की डोक्याला कळायच्या आत पाय ब्रेकवर गेलेला असतो. इंजिनबाई घरी भाजी निवडत बसलेली असते, शेजारीण खिडकीतून हात करते आणि हिचा उजवा पाय फरशीवर दाबला जातो. तिच्या उजव्या चपलेला सहा महिन्यांत भोक पडतं. डाव्या चपला घरात वीसेक जमल्यात, सगळ्या नव्याकोऱ्या.

आता आई. आई बहात्तर वर्षांची. डाव्या डोळ्याने पूर्वीच हात वर केलेले, उजव्यात मोतीबिंदू पिकून बसलेला. पलीकडच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आठ महिने वाट बघून तारीख मिळाली होती. मंगळवार, दुपारी दोनच्या आत हजर. उशीर झाला तर नाव पुन्हा यादीच्या तळाला, म्हणजे आणखी आठ महिने. आणि डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं, "आजी, हा डोळा आठ महिने थांबायचा नाही. तेव्हा याल तर आपण गप्पा मारू, दुसरं काही करता येणार नाही."

आईने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं, "मंगळवारी मी डोळा करायला चाललेय." केस कापायला जावं तशी.

मंगळवारी पहाटेच धाकटा तिला घेऊन चौकात उभा राहिला. धाकटा म्हणजे इंजिनबाईचा भाऊ. अडतीस वर्षांचा, टक्कल पडलेला, भाड्याच्या सायकलींचं दुकान चालवणारा. फलकावर लिहिलंय, 'बस थेट गावात येते.' सातची बस. सव्वासात झाले, साडेसात झाले. पावणेआठला पेपरवाला आला.

"कुणाची वाट बघताय?"

"बसची."

"ती आता आत येत नाही. एक तारखेपासून हमरस्त्यावरच थांबते. आजची तर कधीच गेली."

"मग फलकावर लिहिलंय ते?"

"फलक नंतर रंगवणार आहेत."

ऐकताय ना, साहेब? फलक नंतर.

उरली बोट. अकरा चाळीसची. दीड तासात पलीकडे, धक्क्यावरून दवाखाना दहा मिनिटांवर, म्हणजे दोनच्या आत पोहोचता येतं. पण बोट धक्क्यावरून सुटते आणि यांचं घर दीपगृहाच्या पायथ्याशी. मधे ते तुमचे 'पायी पाच मिनिटे'. आईचा गुडघा असा की ती चुलीपासून दारापर्यंत जायला एक पडाव घेते. व्हॅनवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, किनाऱ्याच्या रस्त्यावर मोटारींना बंदी, तीही एक तारखेपासूनच. घोडागाडीवाला दाढी करत बसला होता. म्हणाला, "आज मंगळवार. मंडळाने घोड्याला सुट्टी दिलीय."

"मग तू ओढ की," आई म्हणाली.

"मावशी, मला सुट्टी दिलेली नाही, पण परवानाही दिलेला नाही."

धाकटा म्हणाला, "आई, सायकलच्या कॅरियरवर बस. हळू नेतो."

"मी काय गॅसचं सिलिंडर आहे?"

झालं. सातातली पाच 'सुलभ' तिथेच संपली. सहावी म्हणजे बोट, आणि तिथवर न्यायला सातवी, झुकझुकगाडी. ती सुटते दहा चाळीसला, कारण पर्यटक त्याआधी उठत नाहीत असं तुमच्या मंडळाला वाटतं. पंचवीस मिनिटांच्या वाटेला एक तास हातात. इंजिनबाई म्हणाली, "हसत हसत पोहोचू."

अडचण एकच. नियम सतरा, 'गाडी केवळ पर्यटकांकरिता आहे. स्थानिकांनी बसू नये.' धाकट्याने दुकानातून रुंद काठाची गवती टोपी आणली, तिला लाल फीत. मोठा काळा चष्मा आणला. आईला दोन्ही चढवलं.

"आता तर काहीच दिसत नाही रे."

"आधी तरी काय दिसत होतं?"

"अंधार होता, पण जरा उजळ होता."

इंजिनबाईने तिला पहिल्या डब्यात, आपल्या पाठीशीच बसवलं. शेजारी एक जाडजूड गृहस्थ होते, पोटाभोवती हवा भरलेली पिवळी पोहायची ट्यूब घातलेले. ती काढायला ते विसरले होते की निघत नव्हती, कोण विचारणार? बाकीचे पंचवीस-सव्वीसजण मागे. धाकट्याने आईची पिशवी हँडलला अडकवली आणि सायकलवर टांग टाकली. घंटा वाजली. गाडी निघाली.

आणि आईने हात हलवायला सुरुवात केली.

तिचीही चूक नाही. आठ महिन्यांनी घराबाहेर पडलेली, डोक्यावर लाल फितीची टोपी, वर झुकझुकगाडी! जे हलेल त्याला ती हात करू लागली. गल्लीच्या तोंडाशी शेजारणी उभ्या होत्या, त्यांनी उलट हात केले. सात हात. पाय गेला ब्रेकवर, गाडी उभी.

"का थांबलीस ग?" आई म्हणाली.

"त्यांनी हात दाखवले."

"मी त्यांना दाखवला म्हणून त्यांनी मला दाखवला. तुझा काय संबंध?"

"अर्थ मी लावायचा नाही, आई. नियम आहे."

गाडी पुन्हा निघाली. बेकरीपाशी पाववाला दारात उभा होता, त्याने हात केला, थांबली. तो म्हणाला, "मी नुसतं पीठ झटकत होतो." कपडे वाळत घालणाऱ्या बाईने चिमटा लावायला हात वर केला, थांबली. एका माणसाने काखेत पावडर लावायला हात उचलला, थांबली. धाकटा सायकलवरून पुढे जायचा, मागे वळून बघायचा, परत यायचा. चार किलोमीटरच्या रस्त्यावर तो त्या दिवशी अकरा किलोमीटर चालवून गेला असेल.

"ताई, अगं चल ना!"

"मी चालतेय. पाय चालत नाही."

तिने एकदा ठरवून पाहिलं. नजर खाली रस्त्यावर ठेवली. म्हटलं, हात दिसलाच नाही तर कसला नियम? पण ऊन होतं. रस्त्यावर हाताची सावली पडली आणि पाय सावलीलासुद्धा थांबला. डब्यातली पोरं आनंदाने किंचाळली. त्यांना वाटलं हाच खेळ आहे. मग तीही हात करू लागली.

मधल्या वाळूवर व्यायामाचा वर्ग चालू होता. चाळीस माणसं, पांढरे बनियन, शिट्टीच्या तालावर. एक, दोन, तीन, चार, आणि ऐंशी हात आभाळात! गाडी अशी उभी राहिली की तिसऱ्या डब्यातली बाई दुसऱ्या डब्यात आली. निघायला जावं तर पुन्हा एक, दोन, तीन, चार. इंजिनबाईने घंटा बडवली, हाका मारल्या, शेवटी उठून ओरडली, "अहो, वाकायचा व्यायाम करा! पायाला हात लावा पायाला!"

शिकवणारा भला माणूस होता. त्याने चाळीसजणांना ओणवं केलं. चाळीस डोकी समुद्राकडे, चाळीस ढुंगणं रस्त्याकडे, आणि झुकझुकगाडी त्यांच्यासमोरून मिरवत गेली. ट्यूबवाले काका हसून हसून इतके हलले की ट्यूबची आणि बाकड्याची किरकिर थेट पुढच्या वळणापर्यंत ऐकू येत होती. आईने विचारलं, "काय झालं? मला कुणीतरी सांगा." काकांनी सांगितलं. मग आईही हसायला लागली, आणि हसताना तिला हात हलवायची सवय आहे.

पुढच्या वळणावर तुमचा पुतळा, साहेब. गेल्या वर्षी बसवलात तो. पाहुण्यांचं स्वागत करणारी सिमेंटची बाई, उजवा हात वर. गेलं वर्षभर झुकझुकगाडी तिच्यासमोर जाताना थांबते आणि येताना थांबते. कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. इंजिनबाई मान डोलावते आणि निघते. त्या दिवशीही थांबली. तेव्हा वाजले होते अकरा बारा.

"आई," इंजिनबाई वळून म्हणाली, आणि आता तिच्या आवाजातलं हसू आटलं होतं, "हात मांड्यांखाली घालून बस. बोट गेली तर डोळा गेला. कळतंय?"

आईने दोन्ही हात मांड्यांखाली घातले. टोपी सरळ केली नाही, कारण हात नव्हते.

बरं चाललं होतं. वाटेत कुणी नव्हतं, गाडी दहाने धावत होती, अकरा वीस झाले होते. आणि मग शिट्टीसाहेब.

तुमचे निरीक्षक, साहेब. गळ्यात शिट्टी, हातात वही. शीतपेयाच्या टपरीसमोर उभे होते. डोळ्यांवर ऊन आलं म्हणून त्यांनी कपाळावर हात धरला. गाडी थांबली.

"का थांबलात?"

"तुम्ही हात दाखवलात."

"मी ऊन अडवत होतो."

"अर्थ मी लावायचा नाही."

शिट्टीसाहेबांना हे बोलणं आवडलं नाही. मग त्यांचं लक्ष पहिल्या डब्याकडे गेलं. टोपी ओळखीची नव्हती, पण हनुवटी ओळखीची होती. लहानपणी याच हनुवटीने त्यांना अंगणातून हाकललं होतं.

"या बाई पर्यटक आहेत?"

"मग काय मासळी वाटले?" आई म्हणाली.

"कुठून आलात?"

"घरून. सगळे पर्यटक घरूनच येतात."

"इथे काय पाहायला आलात?"

"दीपगृह पाहायला आले होते. दिसलं नाही. म्हणून डोळ्यांच्या दवाखान्यात चाललेय."

डबा खदखदला. शिट्टीसाहेबांनी वही उघडली, पेनाचं टोपण तोंडात धरलं आणि लिहू लागले. एकेक अक्षर कोरून. चालकाचं नाव, गाडीचा क्रमांक, हवामान. हवामानसुद्धा! धाकटा सायकल टाकून आला, हात जोडले, तारीख दाखवली, दवाखान्याचा कागद दाखवला. शिट्टीसाहेब म्हणाले, "बाईंना उतरवा, गाडी जाऊ द्या. पायी पाच मिनिटं आहे. फलकावर लिहिलंय."

तेव्हा ट्यूबवाले काका उभे राहिले. ट्यूबसकट. "ही माझी आत्या आहे," ते म्हणाले.

मागून एक बाई म्हणाली, "आणि माझी सासू."

"माझी आजी!" "माझी वर्गशिक्षिका!" तिसऱ्या डब्यातून एक इतका म्हातारा माणूस उठला की आईच त्याची मुलगी शोभली असती. तो म्हणाला, "माझी काकू." अख्ख्या गाडीची आई नातेवाईक निघाली. सत्तावीस नाती लिहायला वहीचं पान पुरेना. शिट्टीसाहेब पान उलटत होते, तेवढ्यात इंजिनबाईने घंटा मारली आणि गाडी काढली. त्यांनी मागून थांबायला हात दाखवला असेलही. ती सांगते, तिने पाहिलं नाही. गाडीला मागचा आरसा तुम्हीच दिलेला नाही, साहेब, तीन वर्षं मागतेय ती.

अकरा तेहेतीस. दीड किलोमीटर. ताशी दहाने नऊ मिनिटं. हिशोब तिने दोनदा करून पाहिला, कारण तुमच्या गावात वेळेवर सुटणारी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे भोंग्याची बोट.

गाडी धक्क्यावर आली तेव्हा अकरा बेचाळीस झाले होते. बोट सुटलेली. दोनशे मीटर आत, मागे पांढरा फेस, तोंड पलीकडच्या किनाऱ्याकडे.

आईने विचारलं, "आलो का?" इंजिनबाई ट्रॅक्टरवरून उतरली, दोन पावलं चालली आणि उभी राहिली. अकरा वर्षांत ती त्या रस्त्यावर प्रत्येकासाठी थांबली होती. पीठ झटकणाऱ्यासाठी, काखेत पावडर लावणाऱ्यासाठी, सिमेंटच्या बाईसाठी.

मग तिला आठवलं, बोटीवर कोण आहे.

"हात!" ती ओरडली. "सगळ्यांनी हात वर करा! उठा! दोन्ही, दोन्ही हात!"

सत्तावीस माणसं डब्यांत, बाकड्यांवर उभी राहिली. ट्यूबवाले काका धुराड्यावर चढायला निघाले, त्यांना ओढून खाली घेतलं. पोरं बापाच्या खांद्यांवर. धाकट्याने दोन्ही हातांनी सायकल डोक्यावर धरली. आईने मांड्यांखालचे हात काढले आणि ती पण उठून हात हलवू लागली, तिकीटखिडकीच्या दिशेने. तिकीटवाल्याने आतून हात केला.

बोटीवर भोंगा सुकाणूपाशी उभा होता. तो पुढे बघत होता. कुठल्यातरी प्रवाशाने त्याला सांगितलं, 'ते बघा, किती हात!' त्याने मान वळवली. पुढचं तो स्वतःच सांगतो, की विचार करायला वेळच मिळाला नाही. सुकाणूपाशी ब्रेक नसतो, तरी त्याचा उजवा पाय फळीवर दाबला गेला, आणि पायापाठोपाठ हाताने इंजिन बंद केलं. बोट गप्प झाली. फेस विरला. भर समुद्रात, दुपारी पावणेबाराला, तुमची जलवाहतूक उभी.

आणि मग भोंगा भोंग्याशिवाय ओरडला, "कोण आहे रे? माझा पाय कुणी दाबला?"

"आईला डोळा करायचाय!" इंजिनबाई ओरडली.

"मग आण की!"

"परत ये!"

"सुटलेली बोट परत आणता येत नाही! बोटीचा नियम नऊ! थांबता येतं, किती वेळ ते लिहिलेलं नाही! आण लवकर!"

कशाने आणायचं? तुमच्या फलकावर सात वाहनं आहेत, साहेब. आठवं आम्ही शोधलं. धक्क्याच्या खालच्या बाजूला पायांनी चालवायच्या बदकहोड्या असतात. पांढरी प्लास्टिकची बदकं, लांब मान, आत दोघांना बसायला जागा. बदकवाला कमी बोलणारा माणूस. त्याने सात नंबरचं बदक सोडलं आणि म्हणाला, "हे जरा डावीकडे ओढतं."

आईला चौघांनी उचलून आत ठेवलं. ट्यूबवाल्या काकांची ट्यूब एका दमात निघाली, म्हणजे निघत होती! त्यांनी ती आईच्या गळ्यात घातली. टोपी होतीच. धाकटा शेजारी बसला आणि पायडल मारू लागला.

"आई, तू पाय वर घे."

"का? मी पण मारते. गुडघ्याला बरं वाटतंय."

बदक निघालं. सरळ नाही, डावीकडे ओढत होतं, म्हणून ते आधी मासळी बाजाराकडे गेलं, मग रागाने वळलं, मग पुन्हा डावीकडे. धक्क्यावरून सत्तावीस माणसं "उजवीकडे! उजवीकडे!" ओरडत होती, बोटीवरून साठ माणसं "इकडे! इकडे!" ओरडत होती, आणि मधे आई ओरडत होती, "आपण कशात बसलोय?"

"बदकात!"

"खोटं बोलू नकोस!"

लाटेबरोबर बदकाची मान वरखाली होत होती, तुमच्या मंडळाच्या बैठकीत सगळे माना डोलावतात तशी. भोंग्याने शिडी टाकली. दोन खलाशांनी आईला ट्यूबला धरून वर ओढलं, मागून धाकटा चढला, बदक दोरीने बांधून घेतलं. आई कठड्याशी उभी राहिली आणि लेकीला हात करू लागली. दिशा चुकली होती. ती दीपगृहाला हात करत होती.

इंजिनबाई धक्क्यावर उभी होती. आजूबाजूला लोक नाचत होते, काका कुणालातरी कडेवर घेऊन गोल फिरत होते. तिने खाली पाहिलं. तिचा उजवा पाय लाकडी फळीवर गच्च दाबलेला होता, आणि तिने तो तसाच ठेवला, बोट पलीकडे ठिपका होईपर्यंत.

एक पन्नासला आई दवाखान्याच्या पायरीवर होती. गळ्यात ट्यूब. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, आत पोहायचं नसतं." डोळा झाला. छान झाला.

चौथ्या दिवशी आई परत आली तर घरी तुमचं पत्र येऊन पडलेलं. इंजिनबाईचा परवाना जमा करून घेण्यात आला आहे, कारण तिने 'बोट विनाकारण थांबविण्यास प्रवृत्त केले.' भोंग्याला ताकीद, कारण तो थांबला. आईने ते पत्र स्वतः वाचलं, चष्म्याशिवाय, दोनदा. मग ती तुमच्या फलकापाशी गेली आणि तोही मोठ्याने वाचला, सूर्यापासून लाटांपर्यंत. 'पायी पाच मिनिटे'पाशी थांबली. म्हणाली, "आठ महिने मला वाटत होतं, माझीच नजर बिघडलीय."

दुसऱ्या दिवशी दोघी तुमच्या कार्यालयात आल्या. दहा वाजता. साहेब बैठकीत. बाराला साहेब जेवायला. तीनला साहेब पुन्हा बैठकीत. पाचला दोघी फाटकाबाहेर येऊन उभ्या राहिल्या. तुमची पांढरी मोटार बाहेर आली, किनाऱ्याच्या रस्त्याला लागली, जिथे एक तारखेपासून मोटारींना बंदी आहे. आई रस्त्याच्या कडेला आली आणि तिने हात वर केला. सरळ, पूर्ण वर, नव्या डोळ्याने तुमच्या डोळ्यांत बघून.

तुमची गाडी थांबली नाही, साहेब. तुम्ही काचेआडून हसलात आणि टाटा केलंत.

मेहुण्यांच्या वेळी टाटा करणाऱ्या त्या चालकाची नोकरी गेली होती. हात दाखवून बोट थांबवली म्हणून इंजिनबाईचा परवाना गेला. आईचा हात निरोपाचा होता हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्याचा अर्थ कुणी लावला, आणि कुठल्या नियमाने? लेखी उत्तर द्या. अक्षर बारीक असलं तरी चालेल, आता आई वाचते.